पाण्याखालची वाट

भाताची झोडणी उरकली, कणग्या भरल्या, की हिरडेवाडीच्या बाया देशावर कांद्याच्या लागणीला जायच्या. डोंगरात त्यानंतर काम उरत नाही आणि अवसरीकडं तेव्हा काम मावत नाही. अवसरी बुद्रुकच्या चांगदेवची पिकअप उजाडता उजाडता वाडीच्या उंबराखाली येऊन उभी राहायची आणि दिवस बुडाला की बायांना परत आणून टाकायची. टोळीचा मुकादम बहिरू. त्याची बायको लंकाबाई टोळीत, सून आरती टोळीत, आणि नवरा मेल्यापासून माहेरीच राहिलेली बहीण कोंडाबाई, तीही टोळीत. घरातला एकुलता पोरगा दादाभाऊ चाकणला कंपनीत होता. सुट्टी मिळाली की यायचा.

बहिरू गाडीत पुढं बसायचा, ड्रायव्हरशेजारी. बाया मागं, हौद्यात.

मालाच्या गाडीत माणसं भरली की पोलीस अडवतात. म्हणून चांगदेवनं हौद्यावर लोखंडी कमानी बसवून घेतल्या होत्या. बाया चढल्या की कमानींवरून ताडपत्री ओढायची आणि मागच्या फाळक्याला बाहेरून दोरी आवळून गाठ मारायची. बघणाऱ्याला वाटावं, आत कोबी आहे. कोबी कुरकुरत नाही, कोबीला मध्येच गाडी थांबवावी लागत नाही. बायाही कुरकुरत नव्हत्या. इतक्या वर्षांत त्यांना कोबी व्हायची सवय झाली होती.

त्या दिवशी नेहमीचा ड्रायव्हर भरत मेव्हणीच्या लग्नाला गेला होता. त्याच्या जागी चांगदेवचा मुलगा अमृत आला. थंडीनं बोटं वळत नव्हती. धरणाच्या फुगवट्यावरून धुकं चढून वाडीत शिरलं होतं. उंबर दिसत नव्हता, नुसता त्याच्या पानांवरून गळणाऱ्या थेंबांचा आवाज येत होता.

"अगं बया, आज मालक सोता आलं," कोंडाबाई म्हणाली. "जाकीट तर नवरदेवावानी घातलंय."

"बसा पटापटा, मावशी. तिकडं रोप उपटून पडलंय. अण्णा पहाटेपासनं बोंबलतेत."

"आमी काय झोपलोय व्हय? तूच उशिरा आला."

"येताना एक फाटा चुकलो. आता न्हाई चुकायचा." त्यानं काचेला चिकटवलेला फोन दाखवला. "पत्ता टाकलाय. घराच्या उंबऱ्यापातूर न्हेतो ह्यो."

कोंडाबाईला गाडी लागायची. ती केबिनच्या दारापाशी गेली. "दादा, आजच्या दिवस मला पुढं बसू दे. रातीपासनं पोटात ढवळतंय."

बहिरूनं एक पाय आधीच आत ठेवला होता. "पुढं मुकादम बसतो. तू माघं फाळक्यापाशी बस, फटीतनं वारं लागंल."

"मुकादमाला ओकारी येती का?"

बाया हसल्या. बहिरूनं दार ओढून घेतलं.

आत अंधार. मिश्रीचा, ओल्या गोणपाटाचा, कालच्या रोपाचा वास. लंकाबाई आणि आरती केबिनच्या बाजूला बसल्या, कोंडाबाई मागं फाळक्याला टेकली. प्रत्येकीच्या कमरेला खुरपं, मांडीवर भाकरीचं फडकं. बाहेर अमृतनं दोरी आवळली. गाठ पडल्याचा करकर आवाज झाला.

गाडी चालू झाली, तशी केबिनच्या मागच्या काचेतून कुणी बाई बोलताना ऐकू येऊ लागली. हिंदीत बोलत होती. सरळ चला, डावीकडं वळा.

"कोण गं ती?" लंकाबाईनं विचारलं.

"त्याच्या फोनातली," आरती म्हणाली.

"बघा," मागून कोंडाबाई म्हणाली, "तिला बरी बसवली पुढं. ना पोट, ना पाणी."

"आन अमृतबी निमूट ऐकतोय तिचं," दुसरी एक म्हणाली.

"चांगदेवच्या घरात बाईचं ऐकायची ही पयलीच येळ म्हणायची."

हशा झाला. हसता हसता गाडी डावीकडं वळली आणि रस्त्याचा आवाज बदलला. डांबर संपलं. चाकांखाली दगड वाजायला लागले. लंकाबाईला वाटलं, कुठंतरी रस्त्याचं काम काढलं असेल. आतून काहीच दिसत नव्हतं आणि आतल्या कुणाला कुणी विचारतही नव्हतं.

ती वाट धरणाच्या आधीची होती. पावसाळ्यात ती पाण्याखाली जाते आणि चैत्र-वैशाखात पाणी ओसरलं की उघडी पडते. तेव्हा वाडीची माणसं तिच्यावरून मोटारसायकली, जीपा घालतात. मोठा वळसा वाचतो. खिशात फोन असतात. माणसांची ये-जा बघून फोन वाट शिकतो म्हणे. हिरडेवाडीच्या माणसांनीच त्याला ती शिकवली. पाणी कधी भरतं, ते कुणी शिकवलं नाही.

उतार लागला. ब्रेक लागल्याचा आवाज झाला, मग चाकांचाही आवाज थांबला आणि गाडी अगदी मऊ चालली. घटकाभर बरंही वाटलं. मग केबिनच्या बाजूनं गार पाणी आत आलं.

"पाणी! अगं पाणी!"

पुढचं तोंड खाली गेलं. बाया एकमेकींच्या अंगावर घसरत केबिनवर आदळल्या. भाकरी, चपला, फडकी सगळं पाण्यात. लंकाबाई मागच्या काचेवर मुठी मारत होती. काचेपलीकडं तिला बहिरूची पाठ दिसली. मग खिडकीतून बाहेर गेलेले त्याचे पाय दिसले. मग काचेपलीकडं नुसतं पाणी दिसलं.

"दोरी सोडा! आरं दोरी सोडा कुणीतरी!"

कुणी सोडली नाही. पाणी छातीला आलं. आरतीचं नाक वर, डोकं कमानीला टेकलेलं. तेवढ्यात वरच्या अंगाला खर्र आवाज झाला आणि उजेड पडला. कोंडाबाईनं खुरप्यानं ताडपत्री चिरली होती. फाळक्याला पाय रोवून ती वरून हात देत होती.

"ये. तू ये. लुगडं सोड, जाऊ दे ते लुगडं, हात दे!"

एकेक बाई तिच्या अंगावरून चढून बाहेर पडली. कुणाची टाच तिच्या तोंडावर पडली. लंकाबाई बाहेर आली, पोहता येत नव्हतं, फाळक्याला लोंबकळली. मागून आरती. आरतीचा परकर कमानीत अडकला होता. कोंडाबाई परत आत उतरली, तिनं तो फाडला आणि आरतीला बुडाला रेटून वर ढकललं. त्याच दमात गाडीचं एक चाक जुन्या रस्त्याच्या कडेवरून सरकलं. गाडी कुशीवर झाली आणि जुन्या ओढ्याच्या पात्रात गेली. बाहेर पडलेल्या बाया पाण्याखालच्या रस्त्यावर पाय टेकून गळाभर पाण्यात उरल्या. कोंडाबाई आत होती.

काठावर अमृत उभा होता. ओला, पांढराफटक. "मॅप दावत व्हता," तो म्हणत होता. "मॅप दावत व्हता ना." बहिरू गुडघ्यांत डोकं घालून बसला होता.

पलीकडच्या वाडीचे गडी भाऱ्याचे दोर घेऊन आले. त्यांनी तिला वर काढलं, तेव्हा तिची बोटं ताडपत्रीच्या चिरेत अडकली होती. एकेक सोडवावी लागली. चांगदेव दुसऱ्या गाडीनं आला तोवर पोलीस पोचले नव्हते. आल्या आल्या तो बहिरूशी बाजूला जाऊन बोलला. मग दोघांनी मिळून कोंडाबाईबरोबर वर आलेली ताडपत्री पाण्यातून ओढून काढली, घडी घातली आणि चांगदेवच्या गाडीत ठेवली. लंकाबाईला वाटलं, बाईला झाकायला घेतायत. शेवटी बाईला झाकलं ते आरतीच्या शालीनं.

दहाव्याला नदीवर माणसं जमली. चांगदेव आला, त्याची बायको साळुबाई आली. साळुबाई लंकाबाईच्या गळ्यात पडून रडली. दरसाल लागण संपली की ती लंकाबाईला लुगडं नेसवायची, बहीण म्हणायची. तिचं रडणं खोटं नव्हतं, म्हणून पुढचं जास्त लागलं.

विधी उरकल्यावर चांगदेव हात जोडून उभा राहिला. "कोंडाबाई गेली, आमच्या घरातलंच माणूस गेलं. कुणाला बोल लावायचा? तिचा हेतू काय वाईट नव्हता. पोराशेजारी पुढं बसली व्हती, म्हणली, हिकडनं जवळ पडतंय. पोरानं मोठ्या माणसाचं ऐकलं. आता तिलाबी काय ठावं धुक्यात, बाईमाणूस."

माणसांनी माना हलवल्या. "घाई नडली," कुणी म्हणालं. "तिला सवयच व्हती मधी मधी बोलायची," दुसरा म्हणाला.

लंकाबाईनं बहिरूकडं पाहिलं. तो नदीकडं बघत होता.

घरी आल्यावर ती तांदूळ पाखडायला बसली. सुपाचा आवाज तेवढा येत होता. आरती चुलीपाशी.

"पुढं कोण व्हतं?" लंकाबाईनं विचारलं.

बहिरू भिंतीला टेकला होता. "मी."

"मंग ती कवा पुढं बसली?"

तो नखानं भिंतीचा पोपडा काढायला लागला.

"ती वाट उन्हाळ्याची. दरसाल हिरड्याची पोती तिच्यावरनं कोण न्हेतं? तुमीच ना? मंग त्या पोराला थांब म्हणला का न्हाई?"

"फोनवर दावत व्हतं. निळी रेघ, पार त्या अंगाला गेल्याली." त्यानं बोटानं जमिनीवर रेघ ओढली. "मला वाटलं, पूल केला आसंल."

"पूल? आपल्या दारात, आन आपल्याला पत्ता न्हाई?"

"आपल्याला कोण सांगतंय काय केलं ते? धरण बांधलं तवा इचारलं व्हतं का आपल्याला? म्हणलं, केला आसंल. आपल्यापरीस त्याला जास्त ठावं."

"डोळं व्हतं ना तुमाला?"

"धुकं व्हतं. आन फोनवर पाणी नव्हतं, लंके."

सूप थांबलं. आरतीनं मान वर केली.

"पोलिसाला काय सांगितलं?"

"मी गाडीत नव्हतोच म्हणून. माझ्या जागी ती व्हती. बाया भेदरल्यात, त्यांचंबी मीच सांगतो म्हणलं." तो भराभरा बोलायला लागला. "पुढं बसलेल्या माणसाचा इमा मिळतो, माघल्याचा मिळत न्हाई. आन ताडपत्री बांधली व्हती म्हणलं, तर पोरगं कायमचं आत जातंय. चांगदेवअण्णा म्हणला, टोळी हाय तशी ऱ्हाईल. तिला आता काय फरक पडतोय? ती गेली."

"लई बेस," लंकाबाई म्हणाली. "जित्तेपणी पुढची जागा मागितली तर दिली न्हाई. मेल्यावर दिली."

तिनं सूप खाली ठेवलं. बहिरू उठून बाहेर गेला. चुलीत लाकूड फुटल्याचा आवाज झाला आणि आरती रडायला लागली. ती ज्या हातांनी बाहेर ढकलली गेली होती, ते हात आता सगळ्या तालुक्यात वाट चुकवणारे ठरले होते.

तेरावा झाला आणि टोळी पुन्हा निघाली. लंकाबाईही निघाली. घरात कोंडाबाईची वाकळ दांडीवर होती, तिच्याकडं बघत बसवत नव्हतं. कामात बोटं तरी हलतात. पिकअप पाण्यातून काढून कुठंतरी उभी होती. चांगदेवनं आता बंद डब्याचा टेम्पो ठरवला होता. भरतनं बाया आत घेतल्या, पत्र्याचं दार लावलं आणि बाहेरून कडी घातली. कडीचा आवाज ऐकून आरतीनं लंकाबाईचा हात धरला तो अवसरी येईपर्यंत सोडला नाही. बहिरू पुढं बसला होता.

कांद्याच्या लागणीत वाफ्याला दोघी लागतात. दोघी दोन वरंब्यांवरून सुरुवात करतात आणि मध्यावर भेटतात. ओल्या मातीत रोप खोचायचं, अंगठ्यानं दाबायचं, पुढं सरकायचं. मध्यावर डोक्याला डोकं लागायची वेळ येते तेव्हा कोंडाबाई हळूच असलं काही बोलायची की लंकाबाईच्या हातातली जुडी गळून पडायची. आता समोरून आरती येत होती. ती मध्यावर आली आणि काही न बोलता मागं वळली. लंकाबाईच्या अंगठ्याचं नख मातीनं काळं झालं होतं. पाठीत कळ बसली होती. ऊन चढलं होतं, तरी मघापासून थंडी वाजत होती.

दुपारच्या भाकरीला ती पाणी आणायला चांगदेवच्या घराकडं गेली. मागच्या अंगणात कडब्याची गंजी होती. गंजीवर निळी ताडपत्री.

ती जवळ गेली. तिनं चीर लगेच ओळखली. खालपासून वरपर्यंत, तिरकी. कुणीतरी दाभणानं, सुतळीनं ती शिवली होती. टाके बारीक, एकसारखे, नीट. असे टाके या घरात एकाच बाईच्या हातचे. लंकाबाईनं त्यांवरून बोट फिरवलं.

साळुबाई मागच्या दारात आली आणि तिथंच थांबली.

"फाटली व्हती," ती म्हणाली. "कडबा भिजत व्हता म्हणून शिवली."

"कुणी फाडली, ठावं हाय?"

साळुबाई पदराचं टोक पिळत राहिली.

"तुमाला ठावं व्हतं," लंकाबाई म्हणाली. "टाका घालताना तुमाला ठावं व्हतं."

"पोराचा जल्म जाईल गं, लंकाबाई. तुलाबी पोरगा हाय."

"मला नणंदबी व्हती."

तिनं गंजीवरची दोरी सोडली आणि ताडपत्री ओढली. ती अंगावर कोसळली, धूळ आणि कडब्याचा भुसा घेऊन. साळुबाईनं टोक धरलं, मग सोडून दिलं. आवाज ऐकून ओसरीवरून चांगदेव आला, त्याच्यामागं अमृत. अमृतच्या हातात फोन होता.

"ए, काय चाललंय? ठेव ती खाली."

लंकाबाई घडी घालत राहिली.

"लंकाबाई, मी काय म्हणतोय? ती ताडपत्री माझी हाय. घेऊन गेली तर चोरीची केस टाकीन."

"टाका. तिथंच चाललीय."

बहिरू शेतातून धावत आला. त्याला धाप लागली होती. "लंके, खुळी हायेस का? टोळी मोडंल. ह्या बायांनी खायाचं काय? माझं त्वांड तरी बघ."

"बघितलं. त्या दिवशी काचंतनं पाय बघितलं, आता त्वांडबी बघितलं."

अमृत पुढं झाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "मावशी, माझी चूक न्हाई. मॅपवर रस्ता व्हता, कुणालाबी इचारा. मी काय मुद्दाम केलं?"

"पाण्यात न्हेलं ते मुद्दाम न्हाई केलं, लेकरा. तिला पुढं बसवलं ते मुद्दाम केलं." ती त्याच्या हातातल्या फोनकडं बघत होती. "तुझ्या त्या बाईला इचार की. ती व्हती पुढं. तिला म्हणावं, सांग, कोंडाबाई कुठं बसली व्हती."

अमृतनं फोन खिशात घातला.

चांगदेवनं बहिरूकडं पाहिलं. "आवर तुझ्या बायकोला." बहिरूनं तिचा दंड धरला. लंकाबाईनं कमरेचं खुरपं काढलं. उगारलं नाही, नुसतं हातात धरलं. बहिरूची बोटं आपोआप सुटली.

वाफ्यातल्या बाया ओणव्या होत्या तशाच बघत होत्या. त्यांतल्या प्रत्येकीला कोंडाबाईनं हाताला धरून वर ओढलं होतं. एकीनंही तोंड उघडलं नाही. एकीनं रोपाची नवी जुडी घेतली आणि खाली मान घातली.

ताडपत्री जड होती. लंकाबाईनं ती डोक्यावर घेतली, पण एक पदर लोळत होता आणि पायात येत होता. गोठ्यापाशी ती अडखळली. मागून कुणीतरी तो पदर उचलला. आरती होती. हात कोपरापर्यंत चिखलाचे.

बांधावर दोघी थांबल्या. आरतीनं घडी नीट करायला घेतली आणि शिवण तिच्या हाताला लागली. तिनं सुतळीत नख घातलं.

"उसवू नको," लंकाबाई म्हणाली.

"खोटं शिवलंय त्यांनी, आई."

"ऱ्हाऊ दे. तिनं फाडल्यालंबी दिसू दे, आन ह्यांनी शिवल्यालंबी दिसू दे."

मागं चांगदेव कुणाला तरी मोठ्यानं फोन लावत होता. बहिरू गंजीपाशी उभा होता. तो ना शेताकडं गेला, ना त्यांच्या मागं आला.

दोघी उसाच्या कडेनं चालत डांबरी रस्त्याला लागल्या. रस्ता दोन्ही अंगांना सारखाच लांब गेला होता. एका अंगाला ऊस, एका अंगाला बटाट्याची रानं. लंकाबाईनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. लग्न होऊन आल्यापासून ती या रस्त्यानं कामाला येत होती. रस्ता तिनं कधी पाहिलाच नव्हता.

"पोलिसाकडं मंचरलाच जायाचं ना?" आरतीनं विचारलं. "मंचर कुठल्या अंगाला?"

"मला न्हाई ठावं."

"मंग?"

लांबून एक म्हातारा शेळ्या घेऊन येत होता. लंकाबाईनं डोक्यावरचं ओझं सावरलं आणि त्याच्या दिशेनं पाऊल टाकलं.

"त्वांड हाय ना आपल्याला," ती म्हणाली. "इचारत जाऊ."